काचेखालची तुळस

गाडीला कॉम्प्युटर असतो असं सांगितलं की आमच्याकडचे लोक अजून डॅशबोर्डवरच्या टीव्हीकडं बोट दाखवतात. अहो, तो गाणी ऐकायचा. मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो दिसतच नाही. कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी ॲल्युमिनियमची डबी, आणि तिच्या पोटात वायरींचे जाडजूड जुडगे घुसलेले. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं ती ठरवते. एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, की मिस्तरी, गाडीत कॉम्प्युटर आहे तर मग तुमचं काय काम? मी म्हटलं, खरंय, बिघडला की पोराच्या क्लासवाल्याला बोलवा. तो माणूस परत आला नाही. माझ्या जिभेनं जेवढी गिऱ्हाइकं घालवली तेवढी मंदीनंही घालवली नसतील.

मी मूळचा डायनॅमोवाला. लालबागच्या रस्त्यावर दुकान, म्हणजे मुंबईचं नव्हे, आमच्या ताप्तीकाठचं लालबाग, आणि केळीचे ट्रक हेच आमचे अन्नदाते. उमेदीची वर्षं तांब्याची तार गुंडाळण्यात गेली. दुकानामागं पॉवरलूमची गल्ली आहे. दिवसभर खटखट, खटखट. नव्या माणसाचं डोकं उठतं, आम्हाला ती ऐकूच येत नाही. थांबली तर मात्र कान टवकारतात, कारण खटखट थांबली म्हणजे लाइट गेली. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं कामाला येईल.

गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा माझ्या बरोबरीच्यांनी हात टेकले. कुणी बॅटऱ्या विकू लागला, कुणी शेतीकडं वळला. मी हट्टी. इंदूरला जाऊन शिकलो, सेकंडहँड लॅपटॉप घेतला, गाडीशी बोलायचं स्कॅनर नावाचं यंत्र घेतलं. बायको म्हणाली, या वयात काय थेरं. थेरं तर थेरं. पण हायब्रिड गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा माझीही पाचावर धारण बसली होती, हे कबूल करायला मला लाज नाही.

हायब्रिड म्हणजे एका जुवाला दोन बैल. एक पेट्रोलचं इंजिन, दुसरी विजेची मोटर. कधी एक ओढतो, कधी दुसरा, कधी दोघं मिळून. कासरा कॉम्प्युटरच्या हातात. मोटरीसाठी मागं एक मोठी बॅटरी असते, दोनशे व्होल्टच्या वरची, आणि तिच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. तो रंग दिसला की हात मागं. रबरी हातमोजे घालायचे, डिकीतला तोडप्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीची लाइन तोडणारा खटका, ओढून काढायचा, मग थोडा वेळ गप्प बसायचं, कारण वीज लगेच मरत नाही. आणि चावी गाडीजवळ ठेवायची नाही. ही गाडी चालू असली तरी आवाज करत नाही, आणि मनात आलं की इंजिन आपोआप सुरू करते. आपली बोटं पंख्यात असतील याचं तिला काय? म्हणून मी चावी बिस्किटाच्या डब्यात घालून समोरच्या चहावाल्याकडं ठेवायचो. लोक हसायचे. माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

तर आता प्रल्हादशेठच्या गाडीबद्दल. प्रल्हादशेठ लालबागचे केळीचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण तापट. म्हणजे माझ्यासारखाच, फक्त माझ्यापाशी पैसा नाही म्हणून मला भांडखोर म्हणतात. त्यांची पांढरी हायब्रिड गाडी भिका चालवायचा. भिका निंबोल्याचा, शेठच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरात, घराची एक किल्लीही त्याच्यापाशी. बोलायला कमी, आणि गाडीला असा जपणारा की दार आपटलं तर दुसऱ्याच्या पोरालाही दटावायचा.

पावसाळा सरत आला होता. खंडव्याकडं जाताना असीरगडच्या चढावर गाडी अचानक मेली. पुढं लादलेला ट्रक, मागं बस, आत शेठ. गाडी मागं घरंगळायला लागली. भिकानं ब्रेक दाबून धरला आणि स्टिअरिंग कापून ती डोंगराच्या कडेला टेकवली, म्हणून निभावलं. दुसरीकडं दरी होती. गाडी टोचन करून माझ्या दारात आणली तेव्हा घाबरलेला माणूस रागावतो तसे शेठ भिकावर रागावले होते.

त्यांचं म्हणणं असं. तीन-चार दिवसांपूर्वी भिका गाडी घेऊन एकटा निंबोल्याला गेला होता. धो धो पाऊस, यायला फार उशीर. उतावळी नदीच्या रपट्यावर, म्हणजे त्या बुटक्या पुलावर, पाणी चढलं होतं. यानं पाण्यातूनच गाडी घातली, आणि आता अंगाशी आलं. भिका म्हणत होता, मी पाणी उतरेस्तोवर काठावर थांबलो होतो. पण काठावर त्याला पाहिलं कुणी? म्हशींनी.

"मिस्तरी, उघडून बघा," शेठ म्हणाले. "आत पाणी निघालं, तर हा माणूस माझ्या दारात परत दिसणार नाही. आणि मंडीत कुणी याच्या हाती चाक देणार नाही, ते मी बघतो."

भिका पन्नाशी उलटलेला माणूस, दुसरं कुठलं काम कधी केलेलं नाही. ड्रायव्हरचं नाव एकदा गेलं की गेलं, ते काही डेंटिंग-पेंटिंग करून परत येत नाही.

मी स्कॅनर लावला. गाडीत एक नाही, बरेच कॉम्प्युटर असतात. ब्रेकचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, आणि सगळे दोन पिळलेल्या वायरींवरून आपसांत बोलतात. बाकीच्यांनी हाकेला ओ दिली. इंजिनचा कॉम्प्युटर मात्र गप्प. नवखा मिस्तरी इथंच म्हणतो, कॉम्प्युटर गेला, नवा टाका. अरे बाबा, माणूस उठत नाही म्हणून लगेच तिरडी बांधतोस का? आधी बघ, त्याला अन्नपाणी मिळतंय का. म्हणजे करंट येतोय का, अर्थिंग नीट आहे का, बोलायच्या वायरी शाबूत आहेत का. मी मीटर घेऊन एकेक तपासलं. सगळं येत होतं. तरी तो गप्प.

मग शेजारच्या सीटपुढचा कप्पा काढला. कॉम्प्युटर त्याच्या मागं असतो. प्लग ओढला, टॉर्च मारली, आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. पितळेच्या पिनांवर हिरवा गंज मोरासारखा फुललेला. शेठ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"पाणी," मी म्हटलं.

जीभ आवरायची अक्कल मला कधी आली नाही. शेठनं वळून भिकाकडं पाहिलं. भिकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. एका शब्दात मी त्या माणसाची भाकरी काढून घेतली होती, आणि शब्द तर खरा होता.

पण खरं अर्धं असलं की ते खोट्यापेक्षा जास्त घाण करतं. मी खाली बसून गालिचा उचलला. डावीकडं, कॉम्प्युटरच्या बाजूला, ओल होती. ड्रायव्हरच्या पायाखाली ठणठणीत कोरडं. नदीचं पाणी आत शिरलं तर ते काय बाजू बघून शिरतं? आणि उतावळीचं पाणी आलं की मागं गाळ ठेवून जातं, नखाएवढा का होईना. इथं गाळाचा कण नव्हता. डबीवरचे डागही वरून खाली ओघळलेले. पाणी खालून चढलं नव्हतं, वरून टपकलं होतं.

मी शेठना तसं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही त्याची बाजू घेताय. मीही तापलो. म्हटलं, शेठ, पाणी कुठून आलं ते सापडल्याशिवाय मी नवा कॉम्प्युटर बसवणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं काम माझ्या दुकानात होत नाही. उद्या नवाही असाच मरेल, आणि या वेळी कड्याच्या बाजूला मरेल. ते ऐकून शेठ जरा नमले. ठरलं असं, की इंदूरहून नवा कॉम्प्युटर येऊन गाडी सुरू होईपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर भिकाचा हिशोब मिटला. तोवर त्यानं त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

उंबरा बंद झाला म्हणून भिका सकाळीच माझ्या दुकानापुढं येऊन बसायला लागला. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर नाही.

मी एक सोपा प्रयोग केला. मी गाडीत सीटखाली आडवा, टॉर्च तोंडात, आणि भिकाला सांगितलं की समोरच्या काचेवर वरून पाणी ओत. तो ओतेना. मी ओरडलो तेव्हा ओतलं. बॉनेट आणि काच जिथं मिळतात तिथं प्लास्टिकची जाळी असते. काचेवरचं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत पडतं आणि कडेच्या भोकांतून जमिनीवर जातं. त्याच पन्हाळीतून गाडीत हवा घ्यायची वाट असते. भोकं तुंबली की पन्हाळ भरते, आणि पाणी हवेच्या वाटेनं आत येतं. माझ्या नाकावर पहिला थेंब पडला. मग दुसरा. तिसरा सरळ कॉम्प्युटरच्या जागेवर.

बाहेर येऊन मी वायपर खोलायला घेतले. भिका जवळ आला आणि हळूच म्हणाला, राहू द्या ना मिस्तरी, जाळी कशाला काढता. मी म्हटलं, अरे शहाण्या, तुझीच मान सोडवतोय. त्यानं मान खाली घातली.

जाळी निघाली. खाली काळा चिखल, बोटभर जाडीचा. हात घातला तर चिखल नव्हता, झेंडूच्या पाकळ्या होत्या. वर्षभराच्या, कुजून एकजीव झालेल्या. त्यांत हळद, कुंकू, तांदूळ, तुळशीच्या मंजिऱ्या. दोन्ही बाजूंची भोकं गच्च. आणि मधोमध, काचेखालच्या अंधारात, तुळशीचं एक रोप उगवलं होतं. चार पानांचं, फिकट, पण जितं. इतकी वर्षं मी गाड्यांत उंदीर पाहिले, सापाची कात पाहिली, एकदा मांजरीची पिल्लं. तुळस पहिल्यांदाच. मी तिथंच उकिडवा बसलो.

भिकानं मग सांगितलं, तेही तुटक तुटक. हे जिजीचं काम. जिजी म्हणजे शेठच्या आई. थोरले शेठ, म्हणजे त्यांचे यजमान, एका सकाळी घाईत जीप घेऊन निघाले, जिजी देवघरातून फूल घेऊन येईपर्यंत थांबले नाहीत, आणि खंडव्याच्या रस्त्यावर गेले ते गेलेच. तेव्हापासून त्या घरातून गाडी निघायची तर जिजी आधी काचेच्या पायथ्याशी फूल आणि मंजिरी ठेवणार, तांब्याभर ताप्तीचं पाणी ओतणार, मगच फाटक उघडणार. शेठ तेवढा वेळ फोनवर असायचे. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट घरच्यांना दिसत नाही, तसं झालं होतं. भिका कोपरा वळला की गाडी थांबवून फूल काढून घ्यायचा. पण पाकळ्या जाळीतून घरंगळायच्या आणि तिथं त्याचा हात पोचायचा नाही.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर तिथं असतो ते नव्हतं ठाऊक," तो म्हणाला. "तुमी पानी ओतायला सांगितलं तवा उमगलं. मिस्तरी, फुलाचं नाव काढू नका. मी रपट्यातून काढली म्हनून सांगा. थोरल्या शेठच्या येळेपासून जिजी मनात काय घेऊन बसलीय ते मी बघतोय. आता तिच्याच हातानं पोरगा मरता मरता वाचला हे कळलं, तर ती उभी राहायची नाही."

मला इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकलं होतं. संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून घेतोय हे पहिल्यांदा बघत होतो. आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. त्या म्हातारीची मलाही दया येत होती. खरं बोललो तर ती मोडणार, गप्प बसलो तर हा. मीटर लावून ठरवता येईल अशी गोष्ट नव्हती ती. मी तुळशीचं रोप मुळांसकट काढलं, एका फुटक्या कपात मातीसकट लावलं आणि फळीवर ठेवून दिलं. भोकं साफ केली. पाणी ओतून पाहिलं, सरळ जमिनीवर गेलं.

नवा कॉम्प्युटर आला. पण नवी डबी लावली आणि गाडी निघाली असं होत नाही. तो कोरा असतो. त्याला गाडीचा नंबर शिकवावा लागतो, चावीची ओळख पटवून द्यावी लागते, नाहीतर मालकालाच चोर समजून तो इंजिन सुरू होऊ देत नाही. ही शिकवणी चालू असताना गाडीच्या लहान बॅटरीचा करंट हलता कामा नये. मध्येच तुटलं तर नवी डबी तिथल्या तिथं दगड. आणि दुसरी मागवायला शेठ काही थांबणार नव्हते.

आमच्या लाइनीवर लूमच्या लोडनं व्होल्टेज नाचतं, म्हणून मी चार्जर लावलाच नाही. केळीच्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या मागून आणल्या, गाडीच्या बॅटरीला जोडल्या, तिसरीवर इन्व्हर्टर लावून लॅपटॉप चालवला, कारण त्याची स्वतःची बॅटरी कधीच वारली होती. इंदूरचा एक जाणकार फोनवर होता आणि तिकडून माझा लॅपटॉप चालवत होता. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. गाडीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिका. पट्टी अर्ध्यावर आली.

आणि मागच्या गल्लीतली खटखट थांबली.

सगळे लूम एकदम. इतकी शांतता झाली की चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला. लॅपटॉप चालू होता, गाडीचे दिवे चालू होते, पण मोबाइलचा टॉवरही त्याच लाइनीवर असावा, कारण फोन खरखरला. इंदूरवाला एवढंच म्हणाला, "हाथ मत लगाना, भाईसाहब, कुछ भी हो जाए." आणि फोन तुटला.

पट्टी थांबली होती. आता काय करायचं? शिकवणीची फाइल इंदूरहून पूर्ण आली असेल तर पट्टी पुढं सरकेल, नसेल तर नाही. मध्येच वायर काढली तर नक्की मेला, नाही काढली तर कदाचित. माझा हात दोनदा पुढं गेला. दोन्ही वेळा मी तो मांडीखाली दाबून बसलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला. भिका पट्टीकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नाही. डायनॅमो जळला तर वास येतो, धूर येतो, काहीतरी सांगतो तरी. हा मेला तरी चेहरा तोच.

मग पट्टी हलली. एक केसभर. मग आणखी. शेवटाला पोचली, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. चहावाल्याकडून चावीचा डबा आणवला, चावीची ओळख पटवून दिली, बटण दाबलं. डॅशबोर्डवर गाडी तयार असल्याचा दिवा लागला. आवाज काही नाही, हायब्रिडच ती. थोड्या वेळानं इंजिन आपणहून हळूच सुरू झालं, आणि माझ्या जिवात जीव आला. भिकानं गाडीला हात जोडले. मला नाही जोडले, बरं का.

गाडी न्यायला शेठ रिक्षातून आले, बरोबर जिजी. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. बारीक चणीची म्हातारी, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात झेंडूची फुलं. शेठनं कारण विचारलं. मी भिकाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, नको अशी. मी म्हटलं, सांगतो. पण तोंडातून पुढचं निघेना. माझ्या! शेठनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि भिकाला म्हणाले, घराची किल्ली काढून ठेव. भिका खिशात हात घालून किल्ली शोधू लागला.

तेवढ्यात जिजी काचेजवळ गेल्या. मंजिरी ठेवली, फूल ठेवलं आणि तांब्या कलता केला.

माझा हात त्या तांब्याखाली कधी गेला मला कळलं नाही. पाणी माझ्या तळहातावर पडलं. "जिजी, तिथं नका ओतू," मी म्हटलं. "पाणी तिथूनच आत गेलं."

मी फळीवरून तो फुटका कप आणला आणि त्यांच्यापुढं धरला. कुठं उगवली ते सांगितलं, कशात उगवली तेही सांगितलं. जितकं हळू बोलता येईल तितकं हळू. जिजी रोपाकडं बघत राहिल्या. मग बॉनेटला धरून उभ्या राहिल्या. शेठ पुढं झाले, त्यांना जिजींनी हातानंच थांबवलं.

"तुला ठाव व्हतं?" त्यांनी भिकाला विचारलं.

भिका पायांकडं बघत होता.

"मग बोलला का नाही?"

"तुमी फूल ठेवायचं बंद केलं असतं," तो म्हणाला. "मग दिवसभर माझी वाट बघत फाटकात बसल्या असत्या."

जिजींचे डोळे भरले. माझेही भरले, उगाच कशाला लपवा. त्यांनी काचेखालचं फूल उचललं, चार पावलं चालून भिकासमोर गेल्या आणि ते त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. तांब्यातलं उरलेलं पाणी पुढच्या चाकावर ओतलं. मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "थोरल्या शेठना माझं फूल नव्हतं मिळालं, आनं मी येडी इतकी वर्सं लोखंडाला देत बसले. किल्ली ज्याची त्याच्याजवळ राहू दे."

शेठ तापट खरे, पण माणूस होते. त्यांनी सगळ्यांसमोर भिकाची माफी मागितली. किल्ली त्याच्या हातातच होती, ती त्यानं परत खिशात घातली, फुलामागं.

मी आता जड कामं सोडलीत. गादीवर बसून दुसऱ्यांना शिव्या देतो. पण ती पांढरी गाडी सर्व्हिसिंगला आली की अजून मीच उठतो आणि आधी काचेखालची जाळी काढून बघतो. स्वच्छ कोरडी असते. भिकाच्या शर्टाचा खिसा तेवढा पिवळा झालाय, धुऊन निघत नाही.